सरांचा रविवार

जर्मन सर सिडकोत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतात आणि वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांतल्या पोरांना जर्मन शिकवतात. सोमवार ते शुक्रवार ते स्वतःचे असतात. शनिवार-रविवार कॉलनीचे.

"सर, वेरूळ पाहिलं का?" याला त्यांच्याकडे बिनधोक उत्तर नाही. पाहिलं म्हणावं तर समोरचा म्हणतो, "आमच्यासोबत कुठं पाहिलं!" आणि रविवारी सकाळी सातला गाडी खाली उभी. मागं आजी, वहिनी आणि दोन पोरं. पुढं सर, मांडीवर डब्याची पिशवी.

तिकिटाच्या खिडकीशी दर वेळी तोच प्रवेश होतो. यजमानांचं तिकीट माणशी 40 रुपये, सरांचं 600. यजमान ओशाळतात, पाकीट काढतात. सर त्यांचं मनगट धरतात. दोघांची झटापट चालते आणि मागून जालन्याचा कुणी ओरडतो, "आटपा की हो!" आत गेल्यावर यजमान सोळा नंबरच्या कैलास लेण्यापुढं उभे राहून, आजच शोध लागल्यासारखं सांगतात, "हे वरून खाली कोरत आणलंय बरं का!" सर तितक्याच जोरात "बापरे!" म्हणतात. किती यजमानांपुढं म्हणून झालं असेल, देव जाणे. पण आवाज कधी उतरला नाही. एवढी सभ्यता आपल्या जावयांतही सापडत नाही.

मग फोटो. सहलीला आलेली शाळा कैलासाकडं पाठ करून सरांभोवती गोळा होते. अनोळखी बाळं त्यांच्या कडेवर येतात. बाहेर झाडाखाली डबा उघडतो: धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. वहिनी "अजून एक" म्हणतात, सर "नक्को" म्हणतात. मराठी त्यांना कॉलनीनं शिकवलं आणि नकार रिक्षावाल्यांनी. त्यामुळं वहिनींना तो नकार वाटतच नाही आणि ताटात धपाटं पडतं. शेजारीच घृष्णेश्वर. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांनी सदरा काढायचा, हे सरांना आता पाठ आहे; रांगेत लागायच्या आधीच ते गुंड्या सोडतात. परतताना खुलताबादला भद्रा मारुती. मारुती झोपलेला का, असं त्यांनी विचारलं की गाडीतली पाच माणसं सहा कारणं सांगतात, आणि आजींचं कारण शेवटचं म्हणून खरं ठरतं.

शनिवारची रात्र जुन्या शहरातल्या विद्यार्थ्यांकडं, नान-खलिया खाण्यात जाते. रविवारी शाकाहारी यजमानीणबाई "काल काय जेवलात?" विचारतात तेव्हा सर फक्त "नान" म्हणतात. निम्मं खरं बोलायची ही कला ते कुठल्या क्लासात शिकले नाहीत.

लगीनसराईत तर विचारू नका. सर फेटा बांधून मांडवात बसतात; मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचे. नवरा-नवरीला सरही ओळखत नसतात. अक्षता मात्र नेम धरून टाकतात.

एके दिवशी मकबऱ्यात उलटंच झालं. यजमान ठरलेलं "हा दख्खनचा ताज" सांगून मोकळे झाले, तर सरांनी त्यांना धरून मुख्य दरवाजाकडं मागं नेलं आणि पितळी पत्र्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. अताउल्ला, ज्यानं हा मकबरा रचला तो. यजमान या दरवाजातून लहानपणापासून आत-बाहेर करताहेत. "असं आहे होय," म्हणाले आणि लगेच पोरांना फोटो काढायला लावला, सर बाजूला सरकवून.

पाणचक्कीत मात्र सर रमतात. हर्सूलकडून मैलोन् मैल मातीच्या नळांतून इथवर पाणी आणणारी ती जुनी योजना ते हौदाच्या काठावर बसून समजून घेतात. मग हळूच विचारतात, "आणि आपल्याकडं आठवड्यातून एकदाच का?" यजमान हौदातल्या माशांकडं बघतात.

पण घरच्या याच नळानं सरांना तारलं. डोकं दुखतंय म्हटलं की लोक काढा घेऊन येतात, काम आहे म्हटलं तर "रविवारी कसलं काम?" मग एका रविवारी गाडी खाली उभी असताना सरांनी गॅलरीतून वाकून सांगितलं, "आज आमचं पाणी आहे." यजमानांनी एक शब्द न बोलता गाडी वळवली. या शहरात ते कारण मुख्यमंत्र्यांनाही ऐकावं लागेल. त्या दिवशी सरांनी टाकी भरली, बादल्या भरल्या, पातेली भरली आणि दुपारभर झोपले.

हल्ली त्यांचं पाणी बरेचदा रविवारीच येतं. वेळापत्रक कधी कुणी धड पाळलेलं नाही, त्यामुळं संशयाला जागा नाही. तरी कुणाला त्यांना न्यायचंच असेल, तर मधला वार बघा; फक्त मंगळवार नको, वेरूळ बंद असतं.