रिकाम्या कुंडीचा राखणदार

टिळकवाडीत ज्याच्या कंपाउंडात ऊन येतं तो गुलाब लावतो. आमच्या परसात फणस आहे, म्हणून मी सापकांदा लावतो. त्यातला ‘अरिसिमा मरेई’ हा खास सह्याद्रीचा रहिवासी. जंगलातून कंद उपटणं मला पटत नाही, तेव्हा खानापूरकडच्या मित्राच्या परसातलं बी आणलं.

जूनच्या पावसात मातीतून पांढरा फणा वर येतो, घशाशी जांभळा. पान मागाहून. दसरा-दिवाळीपर्यंत सगळं पिवळं पडून आडवं होतं, आणि पुढच्या पावसापर्यंत कुंडीत नुसती माती. तिला पाणीही घालायचं नाही, कंद कुजतो. म्हणजे उन्हाळ्यातलं माझं बागकाम एकच: पहारा. आई तिथं कोथिंबीर पेरायला टपलेली. बायको म्हणते, “अहो, मेलंय की ते!” आता वाट बघायला बेळगावकराला कुणी शिकवायचं? आमचा सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. कंद निदान दरसाल तारीख तरी पाळतो.

निपाणीचे मामा तंबाखूवाले. १९८१ला शरद जोशींच्या आंदोलनात हायवेवर ठाण मांडून बसलेले. त्यांनी कुंडीत वाकून बघितलं.

“पान खुडायचं न्हाई, वाळवायचं न्हाई, मग लावायचं कशाला रं?”

मी हिरिरीनं सांगू लागलो. कंद बारका असतो तोवर झाडाला नर फुलं येतात. कंद पोसला की मादी. बी धरून दमला की पुढच्या साली पुन्हा नर.

“मग रेशनकार्डावर काय लिवायचं?”

मी तसाच पुढं गेलो. नर फुलाच्या तळाशी फट असते. आत शिरलेली चिलटं पराग अंगावर घेऊन तिथून सटकतात. मादी फुलाला फट नाही. तिथं शिरलेलं चिलट बहुधा आतच संपतं.

इतका वेळ गप्प बसलेल्या मामी म्हणाल्या, “बरं करतंय.”

जाताना मामांनी एक कंद मागितला. शेतात सावली कुठली, म्हटलं, तर “गोठ्यामागं हाय की!” हिवाळ्यात मी फोन केला, तिथं पाणी घालू नका म्हणून सांगायला. फोन मामींनी घेतला.

“पाणी कसलं? कोंबड्या उकरतील म्हणून रोज खुर्ची टाकून बसत्यात तिथं. ८१ सालीबी एवढं बसले न्हवते.”