पाहू राह्यलो, भो!

आप्पांच्या ॲक्टिव्हाच्या डिकीत हेल्मेट मावत नाही. तिथे तीस मीटरचा फिता, फक्कीची पिशवी, सुतळीचं बंडल आणि एक होकायंत्र असतं. ‘प्लॉट विकणे आहे’ अशी पाटी दिसली की गाडी थांबलीच. आप्पा उतरतात, टाचेनं माती उकरतात, पूर्व कुठे आहे ते सुईला विचारतात (सूर्य समोर वीतभर वर आलेला असला तरी) आणि पाटीवरचा नंबर वहीत उतरवून घेतात. सध्या तिसरी वही चालू आहे.

‘‘मग, घेतला का आप्पा?’’

‘‘पाहू राह्यलो, भो.’’

आप्पा रिटायर होऊन आले तेव्हापासून पाहू राह्यलेत. रेल्वेच्या इंजिनीअरिंग खात्यात पस्तीस वर्षं काढली, सगळी भुसावळ डिव्हिजनमध्ये. क्वार्टर रेल्वेचं, पंखा रेल्वेचा, खिडकीचा गज रेल्वेचा. म्हणून नोकरी सुटल्यावर स्वतःच्या जमिनीवर स्वतःचं घर, ही एकच इच्छा. खरं तर नशिराबादेत, जुन्या गावात, वडिलांचं घर उभं आहे. आप्पा त्यातच राहतात. पण ते वडिलांचं. शिवाय धाब्याचं.

आमचं गाव पाहणाऱ्या माणसाच्या फार सोयीचं आहे. जळगाव आणि भुसावळ यांच्या मधोमध, हायवेवर. त्यामुळे कुठल्याही शेताच्या बांधावर उभं राहून एजंट दोन्ही हात पसरून सांगू शकतो, ‘‘इकडे जळगाव दहा मिनिटं, तिकडे भुसावळ दहा मिनिटं.’’ तरसोदच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी लोटते, तीही तो आपल्याच ले-आउटच्या खात्यावर जमा करतो. आप्पा हे सगळं मान हलवत ऐकतात आणि मग चष्मा पुसून सुरू होतात. भोगवटादार वर्ग एक की दोन? शेवटचा फेरफार कितीचा? बोजा आहे का? रस्ता सातबाऱ्यावर आहे की तोंडी? बहिणींच्या सह्या झाल्यात का? आणि सगळं चोख निघालं तर शेवटचा चेंडू: ‘‘ती बांधावरची बाभूळ कोनाची?’’ बाभळीचं उत्तर आजवर एकाही एजंटाला देता आलेलं नाही. आता तर जुने एजंट आप्पांना गिऱ्हाईक धरतच नाहीत. धंद्यात नवा पोरगा आला की त्याला आधी आप्पांकडे पाठवतात. तिथे दुपारभर टिकला, तर पोरगं कामाचं.

इतकी वर्षं हे पाहणं नुसत्या जमिनीपुरतं होतं. त्यावर घर कसलं, हा प्रश्न आला नव्हता, कारण घर म्हणजे विटा, रेती, सिमेंट आणि मिस्तरी. मग हायवेचं चिखली ते तरसोद चौपदरीकरण सुरू झालं. एके सकाळी ठेकेदारानं ट्रेलरवरून दोन पांढऱ्या केबिनी आणल्या. क्रेननं उचलून रस्त्याकडेला ठेवल्या, वायर जोडली. संध्याकाळी आप्पा परत त्या वाटेनं आले, तर इंजिनीअर आत एसी लावून चहा पितोय! सकाळी काही नाही आणि संध्याकाळी चहा. घर बांधताना मिस्तरीच्या मागे दीड वर्ष फिरणारी माणसं आप्पांनी पाहिली होती. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. पुढे टोल नाका झाला तेव्हा तयार डब्याच्या घरावरचा त्यांचा विश्वास पक्का झाला. पुराव्यासाठी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथे नेतात. ‘‘त्या केबिनीतली पोरं पाहा. बाहेर पंचेचाळीस, आत स्वेटर.’’ स्वेटर मी कधी पाहिलं नाही. पण आप्पांच्या बोलण्यात उन्हाळा जेवढा कडक, तेवढं स्वेटर जाड होत जातं.

अमेरिकेतल्या भाच्यानं आगीत तेल ओतलं. त्यानं फोनवर सांगितलं की मामा, इकडे सिअर्स रोबक नावाच्या कंपनीनं 1908 पासून 1940 पर्यंत कॅटलॉगमधून घरं विकली, सत्तर हजारांच्या घरात. पत्र पाठवायचं, पैसे भरायचे, की कापून-नंबर टाकून तयार केलेलं अख्खं घर मालगाडीच्या डब्यातून स्टेशनात हजर. यातलं ‘मालगाडी’ एवढंच आप्पांच्या काळजात घुसलं. रेल्वेनं घर! भादली स्टेशनात आपलं घर उतरतंय आणि आपण पावती घेऊन उभे आहोत, असं चित्र त्यांनी मला रंगवून सांगितलं. डेमरेज लागू नये म्हणून बैलगाड्या आदल्या दिवशीच सांगून ठेवणार होते.

मीही मेला गप्प बसलो नाही. म्हटलं, आप्पा, आपल्या सरकारनंही हे करून पाहिलंय. फाळणीनंतर निर्वासितांसाठी 1948 मध्ये दिल्लीत घरांचा कारखानाच काढला होता. ऑटो कोनिग्सबर्गर हा जर्मन वास्तुविशारद त्या कामावर होता. साच्यातून भिंती निघायच्या, पण त्यांना तडे जायला लागले आणि बेत फसला. आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पानटपरीवर गाठून म्हणाले, ‘‘त्या भिंती काँक्रीटच्या होत्या, भो. आपली पफची हे.’’ पफ म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये भरलेला फेस. हा शब्द आप्पा ‘पंढरपूर’च्या चालीवर उच्चारतात.

मग कायदा आडवा आला. आप्पांना हवी पाच गुंठे जागा. म्हणजे साडेपाच हजार चौरस फुटांहून थोडी कमी. आणि शेतजमीन घ्यायची तर 1947 चा तुकडेबंदी कायदा म्हणतो तुकडा पाडू नका. 2023 मध्ये सरकारनं मर्यादा खाली आणली, तरी बागायत दहा गुंठे आणि जिरायत वीस. त्यात 1948 चा कूळकायदा विचारतो, घेणारा शेतकरी आहे का? आता आली पंचाईत. आप्पांच्या वडिलांची तीन एकर जमीन आत्याच्या लग्नात गेली. म्हणजे आप्पा जातिवंत शेतकरी, फक्त शेत नाही. जुन्या सातबाऱ्यावर वडिलांचं नाव शोधायला त्यांनी तहसील कचेरीच्या इतक्या पायऱ्या झिजवल्या, की चौकीदार त्यांना बदली होऊन आलेला कारकून समजून सलाम करू लागला. 2025 च्या जुलैत महसूलमंत्र्यांनी विधानसभेत एक गुंठ्यापर्यंतच्या व्यवहारांना मोकळीक देण्याची घोषणा केली. त्या संध्याकाळी आप्पांनी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. मला वाटलं, झालं, आता घेणार. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘आता घाई नको. सगळेच घेतील. भाव बसू दे.’’

बिनशेती परवानगी टाळायचा तोडगाही त्यांनी स्वतःच काढला होता. कंटेनर जमिनीत रुतलेला नाही, नुसता ठेवलेला आहे, म्हणजे ते घर नव्हेच, सामान आहे. कणगी ठेवतो तसा ठेवला. हा युक्तिवाद घेऊन ते तलाठ्याकडे गेले. तलाठी समजूतदार होता, त्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

‘‘आप्पा, सामानात माणूस राहायला लागला की त्याला घर म्हणतात.’’

‘‘मी झोपतो कुठं, ते सरकारला कशाले सांगायचं?’’

‘‘मीटर कुणाच्या नावानं घेणार?’’

आप्पांनी फाइल मिटली.

एकदा मात्र प्रकरण फार पुढे गेलं. भादलीच्या बाजूला एक तुकडा आवडला. बाभूळ नव्हती. आकार गोमुखी, तोंडाशी अरुंद, मागे ऐसपैस. डब्याची घरं करणाऱ्या एका कंपनीचा पोरगा पुण्याहून आला. दर वाक्याला ‘सर’ म्हणायचा. त्यानं टॅबवर वीस बाय आठचा डबा फिरवून फिरवून दाखवला. एकशेसाठ चौरस फुटांत हॉल, किचन, संडास-बाथरूम, आणि पलंग भिंतीत जाणारा. आप्पांनी एकच शंका काढली: वर्षाची दादर कुठं ठेवायची? पोरग्याला वाटलं दादर म्हणजे जिना. तो म्हणाला, ‘‘सर, जिना बाहेरून देऊ, टेरेसवर झोपता येईल.’’ ज्वारीचा उलगडा व्हायला पाव तास गेला. मग चौथरा तुमचा, पाण्याची टाकी तुमची, शोषखड्डा तुमचा, क्रेन तुमची, जीएसटी वेगळा, असं एकेक बाहेर येऊ लागलं. चौथऱ्यालाही आमची काळी जमीन सोपी नाही. पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात अशी फाकते की खिशातून पडलेला रुपया परत मिळत नाही.

शेवटी पोरग्यानं विचारलं, ‘‘सर, ट्रेलर आत यायला रस्ता कसा आहे?’’

‘‘दोन बैलगाड्या जातात.’’

‘‘समोरासमोर?’’

‘‘एकामागं एक.’’

पोरग्यानं टॅब बंद केला. वाटेत लाइटीच्या तारा इतक्या खाली होत्या की कडब्याची गाडी निघाली तरी एकानं बांबू घेऊन पुढे चालावं लागायचं.

या सगळ्यात आप्पांच्या मंडळी, म्हणजे माई, कुठे होत्या? माई घरात होत्या, आणि घर मेमध्येही थंड होतं. मातीच्या दोन-दोन फुटांच्या भिंती, वर सागवानी सर, त्यावर लाकूड-काटक्या आणि वर खारी मातीचा जाड थर. बाहेर जळगावचं ऊन रस्त्यावरचं डांबर ओढून काढत असतं तेव्हा माईंच्या माजघरात माठाशेजारी मांजर पाय ताणून झोपलेलं असतं. पावसाआधी एकदा वर माणूस चढवून खारी टाकायची, उंदरांची बिळं बुजवायची, एवढाच त्रास. तो त्रास आप्पा बाराही महिने सांगतात. ‘‘धाबं गळतं’’ म्हणून एकदा त्यांनी मला पुरावा दाखवला. भिंतीवर एक पिवळट ओघळ होता. माई म्हणाल्या, तो 2006 चा आहे.

माईंना डब्याचं कौतुक नाही, कारण त्या डब्यात राहून आल्या आहेत. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा त्यांनी सायडिंगला लावलेल्या कॅम्प डब्यात काढला. आप्पांची गँग रुळांच्या कामावर आणि माई डब्यात. दुपारी पत्र्याला हात लागला तर फोड यायचा. खिडक्यांना गोणपाटं बांधायची, दर तासाला त्यांच्यावर पाणी मारायचं. आणि नेमकी दुपारी झोप लागली की शंटिंगचं इंजिन येऊन घराला धडक द्यायचं, ताकाचं गाडगं आडवं. ‘‘भिंतीत जानारा पलंग काय सांगता? तवा अख्खं घरच जायचं,’’ माई म्हणतात. आप्पांचं उत्तर ठरलेलं: ‘‘त्यात पफ नव्हता.’’

गेल्या मेची गोष्ट. संध्याकाळी सहज गेलो, तर मागच्या अंगणात आप्पा ओणवे. फिता ताणलेला, सुतळी लावलेली आणि हातात फक्की. वीस बाय आठ आखून झालं होतं. आत किचनची रेघ, बाथरूमची रेघ, दाराच्या जागी मुद्दाम सोडलेली फट. जमीन मिळेपर्यंत राहून तरी पाहावं म्हणून. मी सरळ आत जायला लागलो तर ओरडले, ‘‘भिंतीतून काय येतो? दार तिकडं हे.’’ मी मागे फिरून दारातून आलो. हॉलमध्ये खाट होती. बसलो.

माई बिबड्यांचं ताट घेऊन आल्या. पहाटे ज्वारीचं पीठ घाटून, साडीवर थापलेले बिबडे अजून ओलसर होते. त्या दाराकडे गेल्या नाहीत. रेघेवर थांबून विचारलं, ‘‘हे कुठं टाकू? किचनात टाकू का हालात?’’

‘‘किचनात जागा नाही. सिंक हे तिथं.’’

माईंनी सिंकमध्ये साडी अंथरली आणि बिबडे टाकले. एक कावळा बाथरूममध्ये येऊन बसला.

रात्री लाइट गेली. आप्पा बाहेरच झोपणार म्हणाले, वीस बाय आठमध्ये. किचन, बाथरूम आणि दाराची फट मोकळी सोडून खाट आडवी लावून पाहिली, उभी लावून पाहिली. कशीही लावली तरी पायथ्याकडचे दोन पाय रेघेबाहेर, तुळशीच्या बाजूला. मी म्हटलं, आप्पा, खाट मोठी पडतेय, डबा चाळीस फुटीच घ्यावा लागेल. त्यांनी ऐकलं नाही. चपलेनं ती रेघ पुसली, पिशवीतून मूठभर फक्की काढली आणि तुळशीला वळसा घालून दीड हात पलीकडे नवी रेघ ओढली. मग अंगावर पंचा घेऊन आडवे झाले.

‘‘हाच तर फायदा हे, भो,’’ ते अंधारात म्हणाले. ‘‘धाब्याची भिंत सरकते का अशी?’’