सिम्प्सनतात्या

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास रिकामा करून, मिशीवरचा फेस न पुसताच जो "हे सिम्प्सनमध्ये कवाच दाखवलंय, भावा!" म्हणून जाहीर करतो, तो गृहस्थ आता प्रत्येक पेठेत एक तरी आहे. आमच्या पेठेत त्यांना सिम्प्सनतात्या म्हणतात.

1989 पासून चाललेल्या या अमेरिकी कार्टून मालिकेचा एकही भाग तात्यांनी पाहिलेला नाही. होमर हा बाप की पोरगा, याचीही त्यांना खात्री नाही. 'ती पिवळी माणसं' एवढ्यावर भागतं. पण जगात कुठं खुट्ट झालं, की तात्यांच्या मोबाईलवर पिवळी माणसं हजर.

ट्रम्प निवडून आले. "2000 सालीच दाखवलाय!" हे मात्र खरं. त्या मार्चमधल्या एका भागात राष्ट्राध्यक्ष झालेली होमरची लेक लिसा, ट्रम्पनी तिजोरीत खडखडाट करून ठेवला म्हणून कुरकुरते. पण ट्रम्प आदल्या वर्षापासूनच निवडणुकीची भाषा बोलत होते, हे तात्यांच्या गावीही नाही. सरकत्या जिन्यावरून उतरणारे ट्रम्प तर 2015 चा खरा प्रसंग घडून गेल्यावर काढलेले. तात्यांच्या ग्रुपवर तेही 2000 चेच.

कोरोनात तात्यांना बहर आला. 1993 च्या भागात ओसाकाच्या कारखान्यातला आजारी कामगार मालाच्या खोक्यात खोकतो आणि खोकं अमेरिकेत उघडताच फ्लूची साथ पसरते. तात्यांकडच्या चित्रावर 'कोरोना' हा शब्द कुणीतरी मागाहून चिकटवलेला. नातवानं तो दाखवून दिला. "गप रं, तुला काय कळतंय," म्हणत तात्यांनी तेच चित्र आणखी चार ग्रुपवर सोडलं.

साडेसातशेच्या वर भागांत दुनियेची टिंगल केल्यावर कुठंतरी बोलाफुलाला गाठ पडणारच. हे तात्यांना पटत नाही. काकूंना पटतं. "सिलिंडर संपणार म्हणून मी थकलो सांगून. ते न्हाई दाखवलं वाटतं त्यात?" त्या आतूनच विचारतात.

खरी परीक्षा पावसाळ्यात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 च्या धोक्याकडं निघाली, की पेठ विचारते, "तात्या, औंदा पाणी कुठवर?"

"पूर ओसरू दे, मग सांगतो."

अशा माणसाशी वाद घालू नये. पुढं घडणारी एकच गोष्ट तारखेसकट आधी लिहून मागावी. तात्यांना लगेच दुसऱ्या कट्ट्यावर काम निघतं.