तर्री, पाव आणि तिसरा पक्ष

एका रविवारी मिसळ खाताना एका मित्राने नवा पक्ष काढला. तर्रीची दुसरी वाटी येईपर्यंत नाव ठरलं, पाव संपेपर्यंत झेंड्याचा रंग. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तुझी सही लागेल. कायद्याने शंभर सदस्य दाखवावे लागतात. दहा हजार रुपये शुल्क मी भरतो."

समोर त्याचा मेहुणा बसला होता. त्याने चमचा खाली ठेवला. "दाजी, पक्ष काढून काय होतंय? मोठ्या पक्षात शिरायचं आणि आतून साफ करायचं."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताक मागवलं.

मेहुण्याचा मार्ग आधी तपासू, कारण त्यात दहा हजार वाचतात. डिसेंबर १९८५. काँग्रेसची शंभरी, अधिवेशन मुंबईत. (पहिलं अधिवेशन खरं तर पुण्यात भरायचं होतं. कॉलऱ्यामुळे मुंबईला गेलं. पुण्याच्या हातून निसटलेल्या गोष्टींच्या यादीत ही बरीच वर आहे.) पंतप्रधान आणि पक्षाध्यक्ष अशा दोन्ही खुर्च्या सांभाळणाऱ्या राजीव गांधींनी तिथे पक्षातल्या सत्तेच्या दलालांना झोडपलं. पक्षाच्या सर्वोच्च माणसाने पक्षाच्या व्यासपीठावरून पक्षाचीच हजेरी घेतली, सुधारणेला याहून चांगला मुहूर्त कोणता? भाषण गाजलं. दलालांनीही ते मन लावून ऐकलं असावं, कारण पुढे त्यांचं काहीही बिघडलं नाही.

नंतर १९९२ साली तिरुपतीला काँग्रेसने चक्क अंतर्गत निवडणूक घेतली. वीस वर्षांनी. कार्यकारिणीवर अर्जुनसिंह आणि शरद पवार भरघोस मतांनी निवडून आले आणि अध्यक्ष नरसिंह रावांच्या कपाळावर आठी उमटली. मग त्यांच्या लक्षात आलं की निवडून आलेल्यांत बाई नाही, दलित नाही, आदिवासी नाही. कारण इतकं सोज्वळ की विरोध करणारा तोंडघशीच पडावा. सगळ्यांचे राजीनामे घेतले गेले आणि अर्जुनसिंह, पवार पुन्हा त्याच कार्यकारिणीत आले. या वेळी मतदारांच्या नव्हे, अध्यक्षांच्या कृपेने. राव मराठीचे जाणकार. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली होती. शीर्षक त्यांना पाठ असणार.

तरीही आतून सुधारणाऱ्यांची हौस फिटत नाही. १९९७ मध्ये अध्यक्षपदासाठी पवार उभे राहिले. सीताराम केसरींना ६२२४ मतं, पवारांना ८८२, राजेश पायलटांना ३५४. एवढ्या मतांनी आलेले केसरी वर्ष पुरं व्हायच्या आत घालवले गेले, आणि त्यासाठी त्या हजारो मतदारांपैकी कोणाला विचारावं लागलं नाही. २००० मध्ये सोनिया गांधींना ७४४८ मतं पडली, जितेंद्र प्रसादांना ९४. त्यांचे चिरंजीव जितिन यांनी वीस वर्षांनी, सुधारणा मागणाऱ्या तेवीस नेत्यांच्या पत्रावर सही केली आणि पुढच्याच वर्षी भाजपमध्ये गेले. त्याच पत्रावर सही करणारे शशी थरूर २०२२ मध्ये अध्यक्षपदाला उभे राहिले. खरगे ७८९७, थरूर १०७२. चौऱ्याण्णवावरून हजारावर. या वेगाने सुधारणा पूर्ण होईल तेव्हा मेहुण्याचे नातू तिकीट मागत असतील.

आणि ही सगळी चेष्टा काँग्रेसची का, तर तिथे निदान आकडे तरी आहेत. भाजपमध्ये अध्यक्ष बिनविरोध होतो. बिनविरोध निवडीत किती मतं पडली हे कसं विचारायचं?

"बघ," मित्र म्हणाला, "म्हणून तर नवा पक्ष."

नव्या पक्षाचं दुकान महाराष्ट्रात नवं नाही. काँग्रेसमधले समाजवादी नाशिक रोडच्या तुरुंगात बसून आपल्या गटाचा आराखडा करत होते. १९३४ साली तो गट झाला, चौदा वर्षं आत राहिला, आणि १९४८ मध्ये नाशिकलाच अधिवेशन भरवून बाहेर पडला. आत येणं-जाणं दोन्ही नाशिकला, गोदाकाठी. त्याच सुमारास पुण्याच्या जेधे मॅन्शनमधून केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे शेतकरी कामगार पक्ष घेऊन निघाले. त्यांनीही आधी काँग्रेसच्या आतच संघ काढून पाहिला होता. म्हणजे मित्र आणि मेहुणा यांचं भांडण एकाच माणसाच्या आयुष्यात, दोन-तीन वर्षांच्या अंतराने, होऊन गेलंय.

मग १९५२ ची निवडणूक आली. काँग्रेसला शंभरातली पंचेचाळीस मतं आणि लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा. समाजवाद्यांना साडेदहा टक्के मतं आणि जागा बारा. ज्याला इतरांपेक्षा एक मत जास्त, त्याचीच जागा. हे आपल्या निवडणुकीचं गणित. तिथे थोडी मतं सगळीकडे पसरलेल्या पक्षाचं तेच होतं, जे पुरणात हिंग घातल्यावर होतं. वास येतो, पानात सापडत नाही.

१९५४ मध्ये केशवराव काँग्रेसमध्ये परतले. शंकररावही परतले. समाजवाद्यांतले अशोक मेहता १९६४ मध्ये गेले. याला कोणी घरवापसी म्हटलं नाही, कारण शब्द अजून रूढ व्हायचा होता.

एक मात्र मान्य करावं लागतं. संयुक्त महाराष्ट्र समितीने १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला असं लोळवलं की दिल्लीला राज्य द्यावं लागलं. काँग्रेसमध्ये राहून महाराष्ट्र मागणारे होतेच. त्यांचं ऐकलं गेलं ते समितीने बाहेरून दार ठोठावल्यावर. आतल्या सुधारकाची किंमत बाहेरचा ठरवतो, हे या राज्याच्या जन्मकुंडलीतच आहे. पण पुढचं बघा. कलश समितीने भरला आणि १ मे १९६० ला तो आणला काँग्रेसच्या यशवंतराव चव्हाणांनी. नंतर त्यांनी बेरजेचं राजकारण सुरू केलं आणि शेकापमधली कर्ती माणसं एकेक करून काँग्रेसच्या पंगतीला बसली. तिसऱ्या पक्षाने माणूस घडवायचा आणि मोठ्याने तो वाढून घ्यायचा, ही पद्धत तेव्हापासून चालू आहे. एसटीच्या फाट्यापर्यंत वडाप, पुढे एसटी.

हा प्रवास सर्वांत वेगाने केला राष्ट्रवादी काँग्रेसने. जून १९९९ मध्ये सोनिया गांधींच्या परदेशी मुळाच्या मुद्द्यावर पक्ष स्थापन झाला. ऑक्टोबरात निकाल लागला: काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८. त्याच महिन्यात दोघांचं मिळून सरकार. तत्त्वाचं वय चार महिने. कोंबडीसुद्धा अंड्यावर येण्याआधी याहून थोडा जास्त वेळ घेते.

मनसेचं सांगून मित्राला दुखवायचं माझ्या मनात नव्हतं, पण मेहुण्याने सांगितलंच. २००९ मध्ये तेरा आमदार, २०१४ मध्ये एक, २०१९ मध्ये एक, २०२४ मध्ये शून्य. इंजिन तेच, डबे गळाले. गोव्याला तर पक्ष काढायचीही गरज उरलेली नाही: २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना मंदिर, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्षांतर न करण्याची शपथ घ्यायला लावली. अकरा निवडून आले. सप्टेंबरात आठ भाजपमध्ये. तीन देव, तीन आमदार शिल्लक; हिशेब जुळला.

पण मला दोघांना सांगायचं होतं ते वेगळंच. त्यांचा वाद महाराष्ट्राने जुना करून टाकलाय. पक्ष सुधारायचा की नवा काढायचा, हे प्रश्न २०२२ पूर्वीचे. आता तिसरा मार्ग आहे: पक्षच उचलून न्यायचा. नाव, चिन्ह, सगळं. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेना आणि धनुष्यबाण एकनाथ शिंद्यांना दिले, पुढच्या फेब्रुवारीत राष्ट्रवादी आणि घड्याळ अजित पवारांना. संघटनेत बहुमत कोणाचं, याचा निवाडा दोन्ही वेळा होईना. मग मोजले ते आमदार-खासदार. शिवसैनिक किती आणि कोणाकडे, हे मोजायला विश्वासार्ह वहीच नव्हती. बाळासाहेबांच्या शाखाशाखांतून उभा राहिलेला पक्ष, आणि त्याचे सभासद कोण, हे कागदावर धड सांगता येऊ नये!

माझ्या मते गोम तिथे आहे. मेहुणा ज्या पक्षाला आतून सुधारणार, त्याचं 'आत' कुठे आहे? भिशी मंडळातसुद्धा सभासदांची वही असते, आणि न विचारता भिशी कोणी उचलली तर दारात येऊन भांडणाऱ्या बायका असतात. आपल्या पक्षांत भांडणारा सभासदच नाही, कार्यकर्ता आहे. आणि कार्यकर्त्याला मत नसतं, सतरंजी असते. भाजपने २०१५ मध्ये मिस्ड कॉलवर सदस्य करून जगातला सर्वांत मोठा पक्ष झाल्याचं जाहीर केलं. त्या सदस्यांपैकी किती जणांनी पक्षाच्या कुठल्या ठरावावर हात वर केलाय, हे मला कळलं तर आवडेल.

अपवाद विचारलात तर सांगोला. गणपतराव देशमुख तिथून शेकापच्या तिकिटावर अकरा वेळा आमदार झाले. एसटीने प्रवास करणारा आमदार म्हणून त्यांचं कौतुक होतं, पण ते बाजूला ठेवा. त्यांचा पक्ष राज्यभर आटत गेला आणि सांगोल्यात नाही, याचं कारण तिथे पक्षाला माणसं होती आणि माणसांना पक्ष माहीत होता. २०२४ मध्ये मोठमोठ्या आघाड्यांच्या दणक्यात त्यांचे नातू बाबासाहेब त्याच पक्षाकडून निवडून आले. तिसरा पक्ष चालतो. पण एका तालुक्याला अर्धं शतक द्यायची तयारी हवी. मिसळीच्या टेबलावर ही अट सांगितली की लोक बिल मागवतात.

बिल मित्राने दिलं. मेहुण्याने मोठ्या पक्षाच्या शहर कार्यालयात फोन लावला, तिथून सांगण्यात आलं की प्रवेश सोहळा पुढच्या महिन्यात आहे, पन्नास माणसं आणि एक बस आणा. मित्र सह्या गोळा करायला लागला आणि आठवड्यात शंभर जमवल्याही, माझ्यासकट. मग वकिलाने अर्जाचा नमुना पुढे सरकवला. प्रत्येक सदस्याने प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं की तो नोंदणी असलेल्या दुसऱ्या कोणत्याही पक्षाचा सदस्य नाही.

शंभरातल्या एकसष्ट जणांनी कधी ना कधी कुठल्या तरी पक्षाला मिस्ड कॉल दिलेला आहे. बाकीच्यांना आठवत नाही. माझं प्रतिज्ञापत्र वकिलाकडेच पडून आहे.