सांगलीचे साक्षीदार

तात्यांचा जन्म १९५२ चा. तरीही २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला, तेव्हा कोण कुठून कसा पळाला, हे तात्या छातीठोक सांगतात. "तुम्ही कुठं वाचलंत?" असं कुणी विचारलं की, "वाचायला कशाला पायजे?" म्हणून छत्रीचं टोक तुरुंगाच्या भिंतीकडे रोखतात.

हा नाद त्यांना पुतण्यामुळे लागला. तो प्रागला जाऊन महायुद्धाच्या आणि कम्युनिस्ट राजवटीच्या खुणा पायी हिंडून पाहून आला, तेही पैसे मोजून. तात्यांना ते झोंबलं. "आवं, सांगली काय राजधानी न्हवती व्हय?" होती की, पटवर्धनांच्या संस्थानाची! तेव्हापासून, ज्या किल्ल्यात तो तुरुंग, त्या गणेशदुर्गाच्या आसपास सापडेल त्या पाव्हण्याला तात्या फिरवतात. फुकट. चहा मात्र पाव्हण्याने पाजायचा.

तुरुंगातून पळताना दादांनी मारलेली उडी इथनं की तिथनं, हे ते भर रस्त्यात पावलं टाकून मोजतात. मागे रिक्षावाला हॉर्न वाजवतो. "थांब की जरा, दादा खंदक वलांडाय लागल्यात!" मग शेणोलीची गोष्ट. ७ जून १९४३ ला पगाराची रक्कम नेणारी रेल्वे तिथं इंग्रजांना आव्हान देणाऱ्या भूमिगत प्रतिसरकारच्या तुफान सेनेने लुटली. त्यात तात्यांचे आजोबा होतेच. सातारा-सांगलीत कुणाचे नव्हते? नातू सांगतात तेवढे आजोबा खरोखर तिथं असते, तर लुटायची गरजच नव्हती. गाडी खांद्यावर घेऊन गेले असते.

अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव तुरुंग फोडल्यावर पळताना मारले गेले. या दोघांच्या गोष्टीत मात्र तात्या पदरचं काही घालत नाहीत. आजोबाही आणत नाहीत.

खरी कसरत पुढे. भूमिगत लढा एकच, पण स्वातंत्र्यानंतर वाटा फुटल्या. वसंतदादा काँग्रेसचे, पुढे मुख्यमंत्री झाले. तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड शेतकरी कामगार पक्षात. आणि प्रतिसरकारचे प्रमुख क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट. १९५७ ला साताऱ्यातून आणि १९६७ ला थेट बीडमधून लोकसभेवर गेले. पाव्हणा खादीतला असला की तात्या तुरुंगापाशीच तासभर रेंगाळतात आणि लाल बावटा चालता चालता उरकतात. दाढीवाला प्राध्यापक आला की दादांची उडी दोन वाक्यांत आटोपून प्रतिसरकारची न्यायदान मंडळं, सावकारांना दिलेला दणका, बिनखर्चाची गांधी लग्नं, असं रसाळ निरूपण सुरू होतं. एकदा दोन्ही जातींचे पाव्हणे एकाच वेळी आले. तात्यांनी त्या दिवशी गणपती मंदिराची माहिती दिली.

सांगलीला याल तर तात्यांना जरूर भेटा. फक्त तुमचा पक्ष कुठला ते आधी सांगा, आणि चहाचे सुटे पैसे जवळ ठेवा.