भट्टीतून निघालेली चादर

माइनक्राफ्टमधला ग्लेझ्ड टेराकोटा हा निव्वळ शोभेचा ठोकळा आहे. त्याने शत्रू मरत नाही, त्यात पीक उगवत नाही, भुकेच्या वेळी तो खाताही येत नाही. जून २०१७ मधल्या १.१२ या आवृत्तीत तो खेळात आला, तोही एकदम १६ रंगांत. रंग बदलला की नक्षीही बदलते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे विणकर वस्तीतल्या माणसाने हा ठोकळा अंथरलेला पाहिला की निदान ठरलेले असते : ही चादर आहे.

निदान अगदीच चूक नाही. सोलापुरी चादर जॅकार्ड मागावर विणतात. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ कोणता धागा उचलायचा ते ठरवते आणि एकच नमुना आडवा-उभा पुन्हा पुन्हा उमटत राहतो. ठोकळ्यांचेही काम असेच चालते. खेळात २०१९ पासून मागही आहे. दोन दोरे आणि दोन फळ्या जोडल्या की तो तयार होतो. पण त्यावर कापड विणता येत नाही, फक्त झेंड्यावर नक्षी चढते. १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी उभारणाऱ्या आणि चादरीला भौगोलिक मानांकन मिळवून बसलेल्या गावात हा माग कोणाला दाखवू नये हे बरे. थोडक्यात, या खेळात चादर हवी असेल तर ती चिखलाचीच करावी लागते.

चिकणमाती नदी-तळ्यांच्या उथळ तळाशी सापडते. मातीचा ठोकळा फोडला की चार गोळे हाती येतात, आणि ते चार गोळे जोडले की पुन्हा तोच ठोकळा होतो. ही कार्यपद्धती सरकारी वाटली तरी हा खेळ बनवणाऱ्या स्वीडनची आहे. ठोकळा भट्टीत भाजला की टेराकोटा होतो. आठ टेराकोटांच्या मधोमध एक रंग ठेवला की आठही रंगतात. पिवळा रंग सूर्यफुलातून मिळतो, तांबडा बिटातून, तर हिरव्यासाठी निवडुंग भाजावे लागते. रंगलेला ठोकळा पुन्हा भट्टीत घातला की त्यावर झिलई आणि नक्षी चढते.

आठ बाय बाराच्या एका चादरीला ९६ ठोकळे लागतात, म्हणजे मातीचे ३८४ गोळे आणि १२ रंग. प्रत्येक ठोकळा दोनदा भाजायचा आणि दर खेपेला दहा सेकंद जायची. एकाच भट्टीवर हे काम ३२ मिनिटे चालते आणि २४ कोळसे खाते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडलेल्या गावात बसून कोणी अर्धा तास भट्टी पेटवतो, तेव्हा त्याची हौस मानावी लागते. एवढे करून घरातली आज्जी विचारते, “पांघरता येतंय का रे हे?” या प्रश्नाला खेळात उत्तर नाही.

भट्टीचा कंटाळा असेल तर खेळातल्या गावातला अनुभवी गवंडी एका पाचूला एक ठोकळा देतो. घासाघीस चालत नाही. सोलापूरच्या बाजारात वाढलेल्या गिऱ्हाइकाला ही खरेदी वाटतच नाही, दंड भरल्यासारखे होते.

खरे कसब अंथरण्यात आहे. ठोकळा ठेवणाऱ्याचे तोंड ज्या दिशेला, त्यानुसार नक्षी फिरते. सगळे ठोकळे एकाच दिशेने ठेवले तर एकसारखी वेलबुट्टी पसरते. चार ठोकळे चौकोनात, दर वेळी पाव वळण घेऊन ठेवले तर मधोमध पूर्ण फूल उमलते. एखादा उलटा बसला की सगळी चादर तिथेच डोळ्यांत खुपते. तो काढायला कुदळच हवी. हाताने फोडला तर हाती काहीच लागत नाही. किरमिजी ठोकळ्यावर मात्र चक्क बाण आहे. त्याने चादर होत नाही, रस्ता दाखवता येतो.

लोकरीच्या गालिच्याला आग लागते, याला लागत नाही. स्फोटापुढे मात्र झिलईचा ठोकळा साध्या टेराकोटापेक्षाही कच्चा ठरतो. क्रीपर नावाचा खेळातला शत्रू जवळ येऊन फुटला की अर्ध्या तासाची मेहनत गेली. म्हणून ही चादर अंगणात अंथरू नये, आणि घरात अंथरली तर दार लावून घ्यावे.