घाट, गियर आणि अब्रू

फ्रान्समधल्या सँतेत्येनचा पॉल द व्हीव्ही एकदा सायकलवरून चढ चढत होता. मागून त्याच्याच मासिकाचा एक वाचक आला आणि तोंडातला पाइप न काढता पुढे निघून गेला, असा किस्सा सांगतात. वाचकानं संपादकाला मागे टाकायचं, तेही धूर सोडत! १८८७ मध्ये सायकलवीरांसाठी मासिक काढणारा हा गृहस्थ पुढे चढासाठी हलका गियर हवाच, म्हणून हट्टाला पेटला. निव्वळ तोरा मिरवायला पेडल मारू नये, हाही नियम त्याचाच.

नियम कोणी मनावर घेतला नाही. १९०२ मध्ये डोंगरी रस्त्यांवर सायकलींची चाचणी झाली. तीन गियरच्या सायकलवर मार्थ एस या बाईंनी एक गियरवाल्या नामांकित रेसरला हरवलं. त्यावर ‘टूर द फ्रान्स’चे जनक आँरी देग्राँज यांचा निवाडा असा की, गियर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी! त्यांच्या शर्यतीत डिरेलरला, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या यंत्रणेला, १९३७ साली परवानगी मिळाली. तोवर रेसवाले चढ आला की उतरायचे, मागचं चाक काढायचे आणि उलटं करून दुसऱ्या बाजूच्या मोठ्या दातेरी चक्रावर साखळी चढवायचे. अब्रू मात्र शाबूत.

हा तोरा आजच्या सायकलींतही मुरलाय. रेसच्या धाटणीच्या सायकलीला पुढे लहानात लहान चक्र बहुधा ३४ दातांचं, मागे मोठ्यात मोठं कित्येकदा २८ चं. पेडलचे मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग ताशी सव्वानऊ किलोमीटरच्या आसपास. वीस किलोचं सामान लादून वरंधा घाटात हे साठ फेरे मारून दाखवावेत! पुढे २२ आणि मागे ३४ दात बसवले, की तेवढ्याच फेऱ्यांत वेग पाचवर येतो आणि गुडघे दुवा देतात.

पण मागचं चक्र वाढवलं की जुना डिरेलर साखळीची ढील ओढून घेऊ शकत नाही. मग लांब पिंजऱ्याचा डिरेलर आणा. तो कधीकधी गियर बदलायच्या जुन्या शिफ्टरला जुमानत नाही. साखळीही आखूड पडते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

एवढं करून घाटात पाचच्या वेगानं निघालं, की डोक्यावर गवताचा भारा घेतलेले काका आरामात शेजारून चालू लागतात.

“गियरची हाय का?”

“हो.”

“केवढ्याला पडली?”

आणि पुढचं वळण येईपर्यंत सुटका नसते.